समोरचं दुकान

सातारा जिल्ह्यातल्या एका पेठेत आमच्या आबांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. रस्त्याच्या पलीकडे, दारासमोर दार, अगदी तसंच दुसरं दुकान. दोघांचा माल एकाच ठिकाणाहून यायचा, गिऱ्हाइकं तीच, आठवड्याचा बाजारही तोच. आपल्याकडे हवं ते घंगाळ नसलं की आबा स्वतः बोट दाखवून गिऱ्हाइकाला समोर धाडायचे. 1991 च्या दिवाळीनंतर आमच्या दुकानाच्या फळ्या लागल्या त्या पुन्हा निघाल्या नाहीत. समोरचं दुकान अजून चालतं. तिथे आता केटरिंगवाल्यांना लागणारी मोठी पातेली, कढया, झारे मिळतात. गल्ल्यावर मूळ मालकांचा भाचा बसतो. पाटी मात्र जुनीच आहे.

जागा एक, धंदा एक. मग एक दुकान का गेलं आणि एक का राहिलं? या प्रश्नाने मला बरीच वर्षं सोडलं नव्हतं. जपानला जायचं ठरलं तेव्हा बाकीच्या सगळ्या जागांवर काट मारून मी ओसाका ते क्योतो हा जेमतेम पन्नास किलोमीटरांचा पट्टाच निवडला, तो यासाठीच. बँक ऑफ कोरियाने 2008 साली जगातल्या दोनशे वर्षांहून जुन्या कंपन्या मोजल्या होत्या. 41 देशांत मिळून त्या 5,586 भरल्या आणि त्यांतल्या 3,146 एकट्या जपानात निघाल्या. शंभरी ओलांडलेल्या कंपन्या तर तिथे 33 हजारांहून जास्त आहेत. अशा जुन्या पेढीला जपानी माणूस ‘शिनिसे’ म्हणतो. एकूण कंपन्यांत शिनिसेंचं प्रमाण सगळ्यांत जास्त कुठे, तर क्योतोत.

पहिला मुक्काम ओसाकातलं शितेन्नो-जी हे बौद्ध मंदिर. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, ऊन स्वच्छ होतं आणि वारा कानाला झोंबत होता. राजपुत्र शोतोकुने हे मंदिर बांधायला घेतलं तेव्हा जपानात एवढं मोठं बौद्ध मंदिर उभारण्याची विद्या नव्हती. म्हणून 578 साली कोरियातल्या पेक्चे राज्यातून सुतार बोलावले गेले. त्यांतल्या एकाचं घराणं इथेच राहिलं. 593 साली मंदिराचं काम सुरू झालं, आणि ‘कोंगो गुमी’ या नावाने त्या घराण्याचा व्यवसाय पुढे चौदाशे वर्षं चालला. जगातली सर्वांत जुनी कंपनी म्हणून तिचं नाव घेतात.

पाच मजली पॅगोडाखाली उभं राहिलं की कळतं, हे काम कधी संपणारं नव्हतं. मंदिर कधी लढाईत जळालं, कधी विजेने, कधी वादळाने पडलं. 1934 च्या तुफानात पॅगोडा कोसळला. तो पुन्हा उभा केला, तर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो काँक्रीटचा आहे. दर वर्षी 11 जानेवारीला इथे वाकस चालवण्याचा विधी होतो. सुतार पारंपरिक वेशात येऊन वर्षातलं पहिलं लाकूड तासतात. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, त्याचीच आठवण झाली.

एवढा भक्कम यजमान असलेली पेढी तीनदा तरी मरणाच्या दारात गेली होती. 1868 नंतरच्या मेइजी राजवटीत बौद्ध मंदिरांच्या जमिनी गेल्या आणि शितेन्नो-जीकडून घराण्याला मिळणारा ठरलेला तनखा थांबला. तेव्हा कोंगो सुतार पहिल्यांदाच दुसऱ्या मंदिरांची कामं शोधायला बाहेर पडले. दुसरी वेळ 1930 च्या दशकातल्या मंदीत आली. तेव्हाचे घराण्याचे प्रमुख हाडाचे कारागीर होते, पण कामं मिळवणं त्यांना जमेना. कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी जीव दिला. त्यांच्या जागी त्यांची पत्नी योशिए आली, घराण्याची अडतिसावी प्रमुख. चौदाशे वर्षांत या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. तुफानात पडलेला पॅगोडा तिच्याच काळात पुन्हा उभा राहिला. युद्धात मंदिरांची कामं बंद झाली, तेव्हा तिने लष्करासाठी लाकडी पेट्या करून सुतारांच्या हातांना काम दिलं.

हे मला आधीपासून माहीत होतं, तरी त्या आवारात उभी असताना योशिएचं नाव मनात आलं आणि मला आजीच आठवली. आमच्या आजीचा हिशेब आबांपेक्षा पक्का होता. तराजूला हात न लावता ती हंड्याचं वजन छटाकभराच्या फरकाने सांगायची. आबा थकले तेव्हा दुकानाचं काय करायचं यावर घरात महिनाभर खल झाला. बाबा बँकेत, काका मुंबईला. आजीचं नाव कुणी काढलं नाही. माझं तर नाहीच. मी तेव्हा अकरावीत होते, शाळा सुटल्यावर रोज दुकानात बसून पावत्या लिहीत आले होते.

तिसरा घाव सर्वांत खोल गेला. 1980 च्या दशकात जपानात जमिनींचे भाव आभाळाला भिडले होते. मंदिरं बांधणारी कंपनी साध्या इमारतींच्या कामात उतरली. तिथे भावाची स्पर्धा बड्या ठेकेदारांशी होती. जमिनीतही पैसा घातला. मग भाव कोसळले आणि कर्ज तेवढं उरलं. 2006 साली कोंगो गुमी ओसाकातल्याच ताकामात्सु या बांधकाम समूहाच्या पंखाखाली गेली. सुतार राहिले, नाव राहिलं, मंदिरांचं कामही राहिलं. पण घराण्याचा स्वतंत्र कारभार 1,428 वर्षांनी संपला. तो संपला तेव्हा शितेन्नो-जी जिथल्या तिथे होतं. मंदिराने पाठ फिरवली नव्हती, कंपनीच त्याच्या सावलीतून लांब गेली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की ‘जागा’ म्हणजे नुसता पत्ता नव्हे. त्या पत्त्यावर आपल्याला कोण ओळखतं आणि कशासाठी ओळखतं, हे त्यात आलं.

योशिएला मुलगे नव्हते. तिच्या मुलीशी लग्न केलेला जावई कोंगो हे आडनाव घेऊन एकोणचाळिसावा प्रमुख झाला, आणि काँक्रीटमध्ये मंदिर बांधण्याचं तंत्र कंपनीत आणलं ते त्यानेच. जपानी व्यापारी घराण्यांत ही रीत शतकानुशतकं चालत आली आहे. पोटचा मुलगा असला तरी त्याच्यात कुवत नसेल तर मुलीसाठी हुशार वर शोधायचा, बहुधा आपल्याच पेढीतला, आणि त्याला दत्तक घेऊन कारभार त्याच्या हाती द्यायचा. आपल्या मारुतीच्या गाड्यांमुळे ज्यांचं नाव घरोघरी पोचलं ते ओसामू सुझुकी मूळचे मात्सुदा. सुझुकी घराण्याचे दत्तक जावई होऊन ते त्या कंपनीचे प्रमुख झाले. मराठीत ‘दत्तक’ हा शब्द आहे, ‘घरजावई’ही आहे. पण घरजावई म्हणताना आपल्या आवाजात थोडा कमीपणा येतो. तिथे तो मान आहे. आबांच्या दुकानात वीस वर्षं काम केलेले एक दिवाणजी होते. दुकान त्यांना चालवायला द्यावं असं आजीने सुचवलं, तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, ‘पाटीवर नाव आपलं आहे.’ समोरच्यांना तर मूलबाळ नव्हतं. त्यांनी बहिणीच्या मुलाला दहावीनंतर आणून गल्ल्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केइहान रेल्वेने निघाले. ही गाडी बराच वेळ योदो नदीच्या सोबतीने जाते, आणि या पट्ट्याचा सगळा इतिहास समजायला ती नदी पुरेशी आहे. क्योतो हे हजार वर्षं राजधानी होतं, पण समुद्रापासून दूर. ओसाका हे बंदर आणि बाजारपेठ. मधली वाहतूक नदीतून व्हायची आणि मोठ्या होड्या जिथे रिकाम्या व्हायच्या ते बंदर म्हणजे फुशिमी. चुशोजिमा स्टेशनवर उतरून कालव्यावरून चालत गेलं की काळपट लाकडी भिंतींची लांबच लांब कोठारं लागतात. त्यांतली बरीच ‘गेक्केइकान’ या साके बनवणाऱ्या कंपनीची. ओकुरा घराण्याने 1637 साली इथे साके करायला सुरुवात केली.

साके तांदळाची असली तरी तिचा जीव पाण्यात. फुशिमीच्या पूर्वेला मोमोयामाचे डोंगर आहेत. तिथलं पाणी जमिनीखालून झिरपत येतं आणि गावाखाली साठतं. कोबेजवळचं नाडा हे साकेचं दुसरं मोठं गाव. तिथलं पाणी जड, म्हणून साके कडक. फुशिमीचं पाणी त्या मानाने हलकं, साके मऊ. गेक्केइकानच्या जुन्या कोठारात आता संग्रहालय आहे. आवारातल्या विहिरीचं पाणी चाखायला मिळतं. मी ओंजळभर प्यायले. गार होतं, पण दाताला लागलं नाही. घशाखाली उतरताना कुठे अडलं नाही. उन्हाळ्यात माठात वाळा घालून ठेवलेलं पाणी जसं लागतं त्याच्या जवळचं काहीतरी. आत मोठमोठी लाकडी पिंपं ठेवली आहेत. माणूस शिडी लावून आत उतरेल एवढी. त्यांच्या फळ्यांवर खिळा नाही, बांबूच्या कामट्या वळून त्यांनीच आवळलेली. एका पिंपाची कामटी जिथे गुंफली होती तिथे मी बराच वेळ पाहत राहिले. आबा हंड्याचा सांधा बोटाने तपासायचे, तसाच हात माझाही आपोआप पुढे गेला.

आता मला पडलेला प्रश्न या गावात जसाच्या तसा समोर उभा आहे. 1657 साली फुशिमीत साके बनवणारी 83 घराणी होती. पाणी सगळ्यांना तेच, नदी तीच. त्या 83 मधून आजपर्यंत चालत आलेली दोनच, गेक्केइकान आणि तोमिओ ही साके बनवणारं कितागावा घराणं. पाण्याने तारलं असतं तर 83 च्या 83 तरायला हवी होती. फुशिमीच्या मालाला क्योतो शहरात विकायला बंदी होती, तेव्हा गिऱ्हाईक मुख्यतः बंदरातले प्रवासी आणि खलाशी. 1868 च्या जानेवारीत फुशिमीत शोगुनाची आणि सम्राटाच्या बाजूची फौज भिडली आणि गावाचा मोठा भाग जळाला. ओकुरांचं घर वाचलं, हे नशीब. पण त्यानंतर जे घडलं ते नशीब नव्हतं.

1886 मध्ये वडील वारल्यावर ओकुरा त्सुनेकिचीच्या हातात पेढी आली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याच काळात नदीची वाहतूक आटत चालली होती, कारण रेल्वे आली होती. बंदर म्हणून फुशिमीचं महत्त्व संपत होतं. त्सुनेकिचीने त्या रेल्वेलाच आपलं बंदर केलं. फुशिमीची साके तोक्योला पाठवू लागला. 1909 साली त्याने कंपनीची प्रयोगशाळा काढली. त्या काळी साके हा अनुभवी कारागिराच्या जिभेवर आणि नाकावर चालणारा धंदा. माल नासला तर वर्षाची कमाई बुडायची. प्रयोगशाळेत माल का नासतो ते शोधलं गेलं आणि टिकण्यासाठी औषध न घातलेली बाटलीबंद साके बाजारात आली. 1910 मध्ये आगगाडीच्या प्रवाशांसाठी छोटी बाटली काढली, तिच्या तोंडावर पेला उपडा बसवलेला. ती बाटली संग्रहालयात काचेआड आहे, तळहातात मावेल एवढी. नदीच्या प्रवाशांना साके विकणाऱ्या घराण्याने नदी संपल्यावर गाडीतले प्रवासी धरले. गिऱ्हाईक तेच राहिलं, वाटेवरचं माणूस. 1961 मध्ये याच कंपनीने थंडीची वाट न पाहता वर्षभर साके करण्याची सोय केली, आणि 1989 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात कारखाना काढला.

पण पाण्याला त्यांनी हात लावू दिला नाही. फुशिमीतून चालताना एका ठिकाणी दुसऱ्या कंपनीची रेल्वे डोक्यावरून, उंच पुलावरून जाते. ती तशी का, याची गोष्ट मला फार आवडली. 1920 च्या दशकात हा मार्ग आखला तेव्हा इथला भाग जमिनीखालून न्यायचा बेत होता. साकेवाले एकत्र आले. बोगदा खणला तर झरे तुटतील म्हणून त्यांनी विरोध केला. शेवटी 1928 मध्ये रेल्वे वरूनच नेली गेली. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणारी माणसं पाण्यासाठी एका रांगेत उभी राहिली. ज्या पुलाखालून रोज हजारो लोक जातात त्याच्या उंचीचं कारण जमिनीखाली आहे, हे कळल्यावर मी परत मागे जाऊन तो पूल पुन्हा पाहून आले.

फुशिमीहून उजी अगदी जवळ. उजीच्या पुलाच्या पूर्वेच्या टोकाला ‘त्सूएन’ हे चहाचं दुकान आहे. ते 1160 पासूनचं मानतात. सध्याचं लाकडी घर 1672 चं. या घराण्याकडे पुलाची राखण होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चहा देत. आपल्या घाटाच्या तोंडाशी जशी चहाची टपरी असते तशीच ही जागा, फक्त साडेआठशे वर्षांची. त्यांच्या नावाने एक विनोदी नाटकही जपानी रंगभूमीवर आहे, म्हणजे दुकानाची जाहिरात शतकांपूर्वीच होऊन बसली. मी गडद हिरवा, थोडा कडसर चहा घेतला आणि खिडकीतून नदी पाहत बसले. पूल आहे तोवर दुकान आहे, असा सोपा हिशेब इथे पुरतो.

क्योतोत हिशेब इतका सोपा नाही. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेला आणि हजार वर्षांची राजधानी एका झटक्यात आडगाव व्हायच्या बेतात आली. या शहरातल्या पेढ्या राजवाडा, उमराव आणि मोठी देवळं यांच्यावर जगत होत्या. मिठाईवाले, विणकर, पंखेवाले, धूप करणारे, सगळ्यांचं मोठं गिऱ्हाईक एका वर्षात निघून गेलं. ‘तोराया’ ही मिठाईची पेढी सोळाव्या शतकापासून राजवाड्याला मिठाई पुरवत होती. तिने एक फांदी सम्राटासोबत तोक्योला पाठवली आणि क्योतोतलं दुकान चालू ठेवलं. आज मुख्य कारभार तोक्योत आहे आणि राजवाड्यालगतच्या इचिजो भागातलं दुकानही आहे. त्यांच्याकडे 1695 सालचं मिठाईच्या नमुन्यांचं चित्रपुस्तक जपलेलं आहे. 1805 मध्ये नवव्या प्रमुखाने दुकानातल्या माणसांसाठी लेखी नियम केले होते. मी तिथे लाल चवळीसारख्या अझुकी डाळीची ‘योकान’ वडी खाल्ली. घट्ट, काळपट, चकचकीत. पुरण घोटून घोटून वडी थापली तर जशी लागेल त्याची बहीण.

तोरायासारखं सगळ्यांनाच जाता येणार नव्हतं. शहराने स्वतःच पाय रोवले. बीवा सरोवरापासून कालवा खणला, तो 1890 मध्ये पुरा झाला. तानाबे साकुरो या अगदी तरुण इंजिनिअरने तो काढला. 1891 मध्ये त्याच पाण्यावर वीज तयार झाली आणि 1895 मध्ये जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योतोत धावली, ती फुशिमीपर्यंत. देव्हाऱ्यांचं धातूचं सामान करणाऱ्या शिमाझु घराण्याने 1875 मध्ये शास्त्रीय उपकरणांचा कारखाना काढला. त्याच कंपनीतल्या एका संशोधकाला 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 1889 मध्ये इथेच फुलांच्या चित्रांचे पत्ते छापणारं एक दुकान निघालं, त्याचं नाव निन्टेंडो. माझ्या मनात मात्र घर करून राहिली ती 1700 सालची फुकुदा ही पेढी. सुरुवात सोन्या-चांदीच्या वर्खाची आणि धातूच्या पुडीची. आज ती तांब्याची पूड आणि पत्रा यंत्रांच्या सुट्या भागांसाठी आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी बनवते. तांबंच. आबांनी आयुष्यभर ज्याचं वजन केलं तेच. स्टीलने आमचं दुकान बुडवलं असं घरी सगळे सांगतात, मीही सांगत आले. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही, हे मला या शहरात मान्य करावं लागलं.

जपानी दुकानाच्या दारावर कापडी पडदा असतो, त्याला ‘नोरेन’ म्हणतात. सकाळी तो लावला की दुकान उघडलं, काढला की बंद. याच शब्दाचा दुसरा अर्थ पेढीची पत. इतका रूढ, की आज जपानी हिशेबाच्या वह्यांतही धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीला नोरेनच म्हणतात. बरीच वर्षं चाकरी केलेल्या नोकराला मालक तेच चिन्ह लावून वेगळं दुकान काढू देत असे. म्हणजे नाव वाटून घ्यायची रीत होती. आबांचे दिवाणजी पुढे दुसऱ्या गावात एका स्टीलच्या दुकानात लागले. त्यांनी आणि आमच्या घरच्यांनी पुन्हा कधी एकमेकांचं दार पाहिलं नाही.

इचिजोहून मी उत्तर-पश्चिमेला निशिजिनमधून चालत निघाले. हा रेशीम विणणाऱ्यांचा भाग. पंधराव्या शतकातल्या यादवी युद्धात पश्चिमेच्या फौजेचा तळ इथे होता, त्यावरून हे नाव. पूर्वी गल्लीतून जाताना मागांचा खडखडाट चुकवता येत नसे म्हणतात. मला तासाभरात दोन घरांतून आवाज आला. किमोनो नेसणारे कमी झाले आणि माग एकेक करून थांबले. काही पेढ्यांनी मोटारींच्या सीटचं कापड, नाट्यगृहांचे पडदे, परदेशी दुकानांच्या भिंतींसाठीचं कापड विणायला घेतलं आणि त्या तगल्या. ज्यांनी घेतलं नाही, किंवा घ्यायची ऐपत नव्हती, त्यांची घरं आता राहायची घरं आहेत. एका दारावर पेढीच्या नावाचा लाकडी फलक उतरवल्याचा चौकोन उरला होता. त्याखालचं लाकूड कोवळं, उन्हाने न काळवंडलेलं. शिनिसेंच्या याद्या वाचताना या चौकोनांची मोजदाद कुठेच येत नाही. टिकलेल्यांकडे पाहून धडे काढणं सोपं असतं. गेलेल्यांनीही तेच केलं असेल आणि तरी गेले असतील. म्हणून मला त्या चौकोनापुढून पटकन निघवेना.

संध्याकाळ व्हायच्या आत इमामिया देवस्थानाच्या पूर्वेच्या दारी पोचले. दहाव्या शतकात साथीच्या रोगांनी शहर हवालदिल झालं, तेव्हा रोगराई शांत व्हावी म्हणून हे देवस्थान झालं. त्याच्या दारातच, 1000 सालापासून, ‘इचिमोन्जिया वासुके’, लोकांच्या तोंडी ‘इचिवा’. पदार्थ एकच. तांदळाच्या मऊ मोचीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे भाजक्या सोयाबीनच्या पिठात घोळवायचे, बांबूच्या बारीक काडीला टोचायचे आणि कोळशावर धरायचे. दर्शनाला आलेला माणूस ते खाऊन रोगराईपासून राखण मागतो. घरपोच खाणं पुरवणाऱ्या ऑनलाइन कंपनीने विचारलं तेव्हा यांनी नाही म्हटलं.

ओसरीवर बसून मी भाजणाऱ्या बाईंचे हात पाहत होते. मूठभर काड्या पंख्यासारख्या पसरून त्यांनी निखाऱ्यांवर धरल्या. दुसऱ्या हातात विणलेला पंखा. वारा एवढाच घालायचा की निखारा फुलेल पण काडीला आग लागणार नाही. मोचीच्या कडा फुगल्या, एकदोन ठिकाणी काळ्या पडल्या. मग साऱ्या काड्या एकदम उलटल्या. बाजूला एक तरुण मुलगी तेच करत होती. तिच्या मुठीतली एक काडी जळू लागली. बाईंनी तिच्याकडे न बघता हात लांब करून ती काडी बाहेर ओढली आणि आपल्या काड्यांत घेतली. वरून पांढऱ्या मिसोचा गोडसर रस ओतून ताटली माझ्यापुढे आली. गोड, किंचित खारट, करपल्याचा वास. सोबत गरम चहा.

आणि समोर, त्या अरुंद फरसबंद गल्लीच्या पलीकडे, दारासमोर दार, दुसरं दुकान. ‘काझारिया’. तेही सुमारे चारशे वर्षांचं. तिथेही हीच मोची, हाच कोळसा, अशीच ओसरी. चारशे वर्षं दोघं एकमेकांकडे तोंड करून बसले आहेत. गल्लीची रुंदी आमच्या पेठेएवढीच होती.

ताटली संपवून पैसे दिले आणि मी पलीकडे जाऊन काझारियात बसले. तिथली मोची मला किंचित जास्त भाजलेली वाटली, रस थोडा वेगळा. तिथून इचिवाचं दार समोर दिसत होतं. आबांच्या गादीवरून समोरचं दुकान दिसायचं तसंच. समोर गिऱ्हाईक किती, कोण आलं, कोण रिकाम्या हाताने गेलं, सगळं आबांना बसल्या जागेवरून कळायचं. समोरच्यांनी जेव्हा लग्नाच्या पंगतीची भांडी भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिली हातगाडी भरताना आबांनीही इथूनच पाहिली असणार.

पाच वाजता इचिवाचा पडदा उतरला. बाईंनी शेगडीतले निखारे एकेक करून चिमट्याने राखेत पुरले. काझारियातल्या बाईंनी मान वर करून पाहिलं, माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आपल्या शेगडीवरही राख ओढायला सुरुवात केली.